ट्यूबलाइट वाजते आहे

२०२३ च्या उन्हाळ्यात एका सरकारी दवाखान्यात दिव्यांग प्रमाणपत्रासाठी माझा भाचा चार तास बसला होता. वय २९. टेबलापलीकडून येणारे सगळे प्रश्न माझ्या थोरल्या बहिणीसाठी होते. हाक मारली की बघतो का, हातानं जेवतो का, चिडला की काय करतो. आक्का उत्तरं देत होती आणि तो तिच्या शेजारी मान खाली घालून, उजव्या कानावर तळहात दाबून बसला होता. शेवटी प्रश्न आला, "ह्याला बोलता येतं का?" आक्का तोंड उघडायच्या आत त्यानं मोबाइलवर काहीतरी टाइप केलं आणि स्क्रीन टेबलाकडे फिरवली. 'येतं. पण वरची ट्यूबलाइट वाजते आहे.'

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. कान देऊन ऐकलं तेव्हा ती बारीक गुणगुण आम्हालाही ऐकू आली. चार तास तो तिच्याखाली बसला होता.

काम झाल्यावर तो दिसेना. शोधलं तर जिन्याखाली, जिथे दिवाच नव्हता, तिथे फरशीवर बसलेला. आणि त्याच्यापासून दोन हातांवर कानात कापूस घातलेला, साधारण त्याच्याच वयाचा उदगीरकडचा एक मुलगा. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. बोलतही नव्हते. तासाभरानं निघताना त्या मुलानं आपला फोन नंबर टाइप करून स्क्रीन पुढे धरली, भाच्यानं तो उतरवून घेतला. निरोपही नाही. त्या रात्री साडेनऊला पहिला मेसेज आला आणि त्यानंतर एकही रात्र चुकलेली नाही. आक्का म्हणाली ते माझ्या अजून कानात आहे : "एकोणतीस वर्षांत लेकराला पयला दोस्त भेटला."

हा लेख त्या जिन्याखालच्या जागेविषयी आहे. ऑटिस्टिक, म्हणजे आपण ज्यांना स्वमग्न म्हणतो त्या मोठ्या माणसांना आपल्यासारखी माणसं भेटावीत कुठे, आणि लातूर-नांदेड पट्ट्यातल्या मराठी माणसाला ती कशी भेटतील, याविषयी.

चाकूर हे लातूर-नांदेड रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. लोकसभेचे अध्यक्ष राहिलेल्या शिवराज पाटील चाकूरकरांमुळे बाहेरच्यांना नाव ठाऊक. भोवती सोयाबीन आणि तूर, बोलणंही त्याचंच. भाच्याचंही. २०११ पासून लातूरच्या आडत बाजारातला सोयाबीनचा रोजचा भाव तो वहीत उतरवतो. वहीत खाडा नाही. दाजींना जुना भाव हवा असला की ते आडत्याला नाही, पोराला विचारतात, "त्या साली पोळ्याला काय होता रे?" आणि तो तारखेसह सांगतो.

त्याचा जन्म डिसेंबर १९९३ चा. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आक्काला सातवा महिना होता. पोर तीन वर्षांचं होऊनही बोलेना, तेव्हा सगळ्या गावानं एकच निकाल दिला : माय भूकंपाला भ्याली, म्हणून लेकरू असं. पंचवीस वर्षं आक्का तो दोष उराशी धरून जगली. ऑटिझम भीतीनं होत नाही, आईच्या वागण्यानं होत नाही. त्याची मुळं बहुतांशी आनुवंशिकतेत आणि जन्माआधीच्या मेंदूच्या घडणीत आहेत. हे तिला कुणी सांगितलंच नाही. गावानं पोराला मात्र नावं ठेवली : घुम्या, येडा, साधू. तोंडी परीक्षेत गप्प राहिला म्हणून शाळेनं आडमुठा म्हटलं. गुणांवर माणूस मोजणाऱ्या आमच्या भागात ते नाव फार जड पडतं.

निदान झालं २७ व्या वर्षी, तेही आडमार्गानं. नात्यातल्या चार वर्षांच्या पोराला लातूरला दाखवलं होतं. तिथून आणलेली प्रश्नांची यादी घरात मोठ्यानं वाचली जात होती. आक्का भाकरी थापायची थांबली आणि म्हणाली, "हे तर आपल्या लेकराचंच सांगायलेत."

कायदाही उशिराच आला. १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, त्यात ऑटिझम नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं त्याचं नाव घेतलं. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि २१ प्रकारांत ऑटिझम आला. तेव्हा भाचा २३ वर्षांचा होता. २०११ च्या जनगणनेत तर अपंगत्वाच्या रकान्यांत ऑटिझमला रकानाच नव्हता. मग आहेत किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात दर १२७ माणसांमागे एक ऑटिस्टिक होता. २०११ च्याच जनगणनेत लातूर जिल्ह्याची लोकसंख्या साडेचोवीस लाख होती. भागाकार केला तर आकडा एकोणीस हजारांच्या आसपास जातो. ही मोजदाद नाही, अंदाजाचा हिशेब आहे. पण त्याच्या निम्मी माणसं धरली, तरी ती कुठे आहेत? त्यातली मोठी झालेली कुठे आहेत? शेतावर, गोठ्यात, आतल्या खोलीत.

जिल्ह्यात काहीच नाही असं मुळीच नाही. लातूरला ऑटिझम आणि बहुविकलांगतेसाठी 'उमंग' हे केंद्र उभं राहिलं आहे. हरंगुळला जनकल्याण समितीचं सेरेब्रल पाल्सीवरचं 'संवेदना' आहे. छत्रपती संभाजीनगरात अंबिका टाकळकरांनी 'आरंभ' उभारलं. ही कामं लहान मुलांपासून सुरू होतात आणि तशीच व्हायला हवीत, कारण पहिली वर्षं मोलाची. पण मूल मोठं होतं. थेरपीचं वय संपतं, शाळा संपते, बरोबरीची भावंडं लग्न होऊन जातात आणि मग पुढची चाळीस वर्षं उरतात.

त्या चाळीस वर्षांचं काय होऊ शकतं, याचं एक उदाहरण मला फार जवळचं वाटतं. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी ११ मुलांवर निबंध लिहिला आणि ऑटिझम हा शब्द आजच्या अर्थानं रूढ झाला. त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. मिसिसिपी राज्यातलं फॉरेस्ट हे त्याचं गाव, चाकुरासारखंच लहान. तो तिथेच वाढला, बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, एकटा परदेश फिरला आणि जून २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी गेला. गावानं त्याला त्याच्या तऱ्हेसकट आपलं मानलं होतं. मात्र ज्या बँकेत तो कामाला होता ती त्याच्या आईच्या माहेरची होती, आणि घर गोरं होतं. त्याच काळात त्याच राज्यात काळ्या मजुराच्या घरी असंच मूल जन्मलं असेल, तर त्याचं नाव कुठल्या निबंधात नाही.

ही दरी पुढे आकड्यांतही दिसली. फिलाडेल्फिया शहरातल्या गरीब कुटुंबांच्या मुलांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. गोऱ्या मुलांचं निदान सरासरी ६.३ व्या वर्षी होत होतं, काळ्या मुलांचं ७.९ व्या वर्षी. जुलै २०१६ मध्ये फ्लोरिडात एक ऑटिस्टिक तरुण रस्त्यात खेळण्यातला ट्रक घेऊन बसला होता. त्याची काळजी घेणारे चार्ल्स किन्झी हे काळे गृहस्थ हात वर करून पाठीवर आडवे झाले आणि पोलिसांना ओरडून सांगत राहिले की त्याच्या हातात खेळणं आहे. पोलिसाची गोळी सुटली ती किन्झींच्या पायात शिरली.

ऑटिस्टिक माणसांनी एकत्र येण्याची सुरुवात अमेरिकेत १९९२ मध्ये झाली. जिम सिंक्लेअर, डॉना विल्यम्स आणि कॅथी लिस्नर हे तिघं ऑटिस्टिक, पत्रांतून ओळखीचे झालेले. एका घरी काही दिवस एकत्र राहिले आणि त्यांच्या लक्षात आलं की इथे कुणालाच स्वतःचं भाषांतर करावं लागत नाही. त्यातून 'ऑटिझम नेटवर्क इंटरनॅशनल' उभं राहिलं. पुढच्याच वर्षी सिंक्लेअर यांनी टोरंटोच्या परिषदेत पालकांना सांगितलं की आमच्यासाठी शोक करू नका. तुम्ही ज्या मुलाची कल्पना केली होती त्याचं दुःख वेगळं ठेवा, समोर आहे त्या मुलाला भेटा. १९९६ पासून ही मंडळी शिबिरं भरवू लागली. तिथे अत्तर लावून यायचं नसे, फ्लॅश मारून फोटो काढायचे नसत. प्रत्येकाच्या छातीवर रंगाचं कार्ड. लाल असेल तर माझ्याशी बोलू नका. पिवळं असेल तर ओळखीच्यांनीच बोलावं. हिरवं असेल तर मला बोलायचं आहे, पण सुरुवात करता येत नाही, तुम्ही करा. मी हे वाचलं तेव्हा भाच्याची सगळी लग्नकार्यं डोळ्यांपुढून गेली. डीजेच्या भिंतीसमोर उभं करून "मामांना नमस्कार कर, आत्याशी बोल" म्हणणारे आम्ही सगळे. त्याच्या छातीवर लाल कार्ड असतं तर आम्हाला वाचता आलं असतं का, कोण जाणे.

पण त्या शिबिरांतही, आणि नंतर इंटरनेटवर झालेल्या गाठीभेटींतही, चेहरे बहुतेक गोरे आणि भाषा इंग्रजी. काळ्या, आशियाई, लॅटिन अमेरिकी वंशाच्या ऑटिस्टिक माणसांना तिथे निम्मंच बोलता येई. आवाजाचा त्रास सांगता येई. पण पोलिसानं थांबवल्यावर हात नकळत हलू लागले तर काय होईल ही भीती सांगितली, की विषय बदले. म्हणून त्यांनी आपली वेगळी बैठक मांडली. २०१७ मध्ये लिडिया ब्राउन, ई. अश्केनाझी आणि मोरेनिके गिवा ओनाइवू यांनी 'ऑल द वेट ऑफ अवर ड्रीम्स' हा संग्रह काढला. फक्त गोऱ्या नसलेल्या ऑटिस्टिक लोकांचं असं ते पहिलं पुस्तक. ओनाइवू यांना स्वतःचं निदान कळलं ते मुलांच्या निदानानंतर. आमच्या घरातही वाट तीच, फक्त नातं दुसरं.

आता आपल्याकडे गोरे-काळे नाही, मग हे आपल्या कामाचं कसं? मला वाटतं, जसंच्या तसं कामाचं आहे. ऑटिझमवर जे काही मोकळं बोलणं भारतात चालतं ते बरंचसं इंग्रजीत, महानगरांतल्या सुस्थितीतल्या घरांत चालतं. त्यात चाकूरच्या पोरानं जावं कसं? आणि जात कुठे जाते? नजरेला नजर न देणं, विचारल्यावर लगेच उत्तर न देणं, हे ऑटिस्टिक माणसाचं साधं वागणं. पाटलाच्या पोरानं केलं तर तो घुम्या. दलित वस्तीतल्या पोरानं केलं तर तीच मगरुरी ठरते आणि मार बसतो. ज्याच्या मागे जमीन आहे त्याला घर सांभाळतं. ज्याचे आईबाप ऊसतोडीला जातात त्या पोराला वर्षातले सहा महिने नवीन जागा, नवी माणसं, ट्रॅक्टरचे भोंगे. त्याची व्यथा मुंबईच्या इंग्रजी गटात कुणाला कळणार? अशा माणसाला जो सोबती हवा, तो त्याच्याच बोलीत बोलणारा, त्याच्याच मातीतला हवा.

सोबतीनं खरोखर काय होतं, याचा पुरावाही आता आहे. वर्षानुवर्षं पुस्तकं सांगत आली की ऑटिस्टिक माणसाला दुसऱ्याचं मन कळत नाही. २०१२ मध्ये डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक अभ्यासकानं उलटा प्रश्न टाकला : बाकीच्यांना तरी ऑटिस्टिक माणसाचं मन कुठे कळतं? अडचण दोन्हीकडून आहे. २०२० मध्ये कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी ते तपासलं, आपल्या कानगोष्टींच्या खेळासारखं. आठ-आठ माणसांच्या रांगा केल्या आणि पहिल्याला सांगितलेली गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ दिली. सगळे ऑटिस्टिक असलेल्या रांगेत गोष्ट शेवटपर्यंत तितकीच नीट पोचली, जितकी सगळे ऑटिस्टिक नसलेल्या रांगेत. ती गळाली मिश्र रांगेत. मी हे दाजींना सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हंजी त्याला बोलता येत होतं. ऐकायला आपण चुकीचे होतो."

महाराष्ट्राला स्वमदत गट नवे नाहीत. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच संस्था, पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, पार्किन्सन्स मित्रमंडळ, या मंडळींनी रुग्णाला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर असे सुंदर शब्द रुजवले. ऑटिझम हा आजार नाही, म्हणून शुभार्थी शब्द इथे चपखल बसत नाही. पण शुभंकरांनी इथे केलेलं काम डोंगराएवढं आहे. १९९१ मध्ये दिल्लीत मेरी बरुआ या आईनं 'ॲक्शन फॉर ऑटिझम'चं काम सुरू केलं. देशात ऑटिझमसाठी जे काही उभं आहे त्यातलं बरंच आयांनी उभं केलं. मी त्यांच्यापुढे मान वाकवतो. तरीही सांगतो : ज्या गटात आई बसली आहे तिथे मुलगा खरं बोलत नाही. ती वाईट आहे म्हणून नाही. तिला वाईट वाटेल म्हणून.

भाचा आणि त्याचा दोस्त रात्री काय लिहितात हे मी कधी चोरून वाचलेलं नाही. भाच्यानंच काही दाखवलं, आणि या लेखात लिहायला हो म्हणाला. दोस्तानं विचारलं होतं, 'तुला पाहुणे आले की पोटात दुखतं का?' भाच्याचं उत्तर : 'हो. लॉकडाउनमध्ये नव्हतं दुखत. तेव्हा सगळे माझ्यासारखे राहायचे.' दुसऱ्या दिवशी : 'नवीन शर्टाची चिठ्ठी कापली तरी टोचते.' 'उसवायची. कापायची नाही.' एवढंच. पण कॉलरची चिठ्ठी टोचते म्हणून लहानपणी त्यानं कपडे फाडले होते आणि मार खाल्ला होता. उसवायचं असतं हे आम्हा कुणालाही सुचलं नव्हतं.

वर्षभरात त्यांनी आपल्या छोट्या गटाचे नियम केले. फोन करायचा नाही, लिहायचं. बोलून पाठवलं तर चालेल, पण समोरच्यानं ऐकलंच पाहिजे असं नाही. सकाळची फुलं आणि सुविचार पाठवायचे नाहीत. लाल-पिवळ्या-हिरव्या कार्डांची गोष्ट मी सांगितली होती. आता लाल ठिपका टाकला की त्या दिवशी त्याला कुणी काही विचारत नाही. उत्तर आठ दिवसांनी आलं तरी रागवायचं नाही. ज्याला टाइप करता येत नाही त्यानं चित्र पाठवावं. महिन्यातून एकदा गट कोण सांभाळणार हे ठरवायचं, आळीपाळीनं. आक्काला हे बचत गटासारखं वाटलं, आणि ते खरंच तसं आहे. मराठवाड्यातल्या बायकांनी वही, नियम आणि ठरलेली वेळ एवढ्यावर आपल्यापुरती सत्ता उभी केली. इथेही वही आहे, भाच्याचीच, आणि सोयाबीनच्या भावाच्या पुढच्या रकान्यात आता ठिपके असतात.

धोके आहेत, आणि ते झाकून चालणार नाही. शब्दशः विश्वास ठेवणाऱ्या माणसाला फसवणं सोपं. दोस्ताकडून एका अनोळखी माणसानं गोड बोलून ओटीपी काढून घेतला, अडीच हजार गेले. तेव्हापासून नवीन माणूस आला की आधी एका घरच्यानं दुसऱ्या घरच्याशी बोलायचं, मग बाजूला व्हायचं. ऑटिझम बरा करून देतो म्हणणारे तर दारात उभेच असतात. स्टेम सेलच्या इंजेक्शनांवर लोकांनी शेतं विकली आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळानं डिसेंबर २०२२ मध्येच सांगितलं आहे की ऑटिझमसाठी हा उपचार शिफारस करण्याजोगा नाही. आणि कुणी एखाद्या रात्री जगायचंच नाही असं लिहिलं तर? दोस्तांनी ते एकट्यानं पेलायचं नाही. शासनाची टेलि-मानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा मराठीतही बोलते. तो नंबर त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

घरच्यांसाठीही एक गोष्ट आहे. पोरगं १८ वर्षांचं झालं की राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून कायदेशीर पालकत्व घेता येतं, आणि बरेच जण बँकेच्या कामासाठी ते घेतात. पण २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्वही आहे : निर्णय एकट्या पालकानं नाही, दोघांनी मिळून घ्यायचा, ठरावीक कामापुरता, ठरावीक काळापुरता. आक्का-दाजींनी अजून कशाचाच अर्ज केलेला नाही. भाच्यानं दोस्ताला विचारलं, दोस्तानं त्याच्या बापाला विचारलं आणि दोघांनी आपापल्या घरी एकच वाक्य लिहून दाखवलं : 'आधी आम्हाला विचारा.'

महाराष्ट्रानं ३ डिसेंबर २०२२ रोजी स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला. त्या विभागाकडे माझं मागणं मोठं नाही. प्रमाणपत्राच्या जागी एक खोली ठेवा, जिथे ट्यूबलाइट नसेल, पंखा खडखडत नसेल. तिथे दोन बाकडी टाका. मोठ्या वयाच्या माणसाला स्वतः लिहून उत्तर द्यायची मुभा द्या. प्रमाणपत्रासाठी आज वापरलं जातं त्या ऑटिझमच्या भारतीय मापनात ४० मुद्दे आहेत आणि ते बघणाऱ्याच्या व घरच्यांच्या सांगण्यावर भरले जातात. ज्याचं मापन चाललंय त्यालाही एखादा प्रश्न विचारा. उरलेलं ती माणसं त्या बाकड्यांवर बसून आपलं आपण करतील.

उदगीरच्या दोस्ताला अहमदपूरचा एक भेटला, त्याच्या ओळखीनं नांदेडचा एक. आता ते चौघं आहेत. नांदेडच्याला बोलता येत नाही, तो फक्त विजेच्या खांबांचे फोटो पाठवतो आणि बाकीचे तिघं त्यावरचे नंबर वाचून दाखवतात.

चौघांत बाई एकही नाही. ती नसेल कशी? ती लाजाळू म्हणवली गेली असेल, गरीब स्वभावाची पोर म्हणून लवकर उजवली गेली असेल, सासरी 'हिला कामाचं वळण नाही' ऐकत असेल, किंवा परत येऊन माहेरच्या आतल्या खोलीत बसली असेल. हे वाचणाऱ्या कुणाच्या घरात ती असली, तर तिला एक फोन घेऊन द्या. तिच्या स्वतःच्या नावावरचा. आणि त्यात ती काय लिहिते, ते विचारू नका.